पाटी कुणाच्या दाराला

१४ ऑक्टोबर, मंगळवार
पाटी परत माझ्याच दाराला! गेले दोन आठवडे झाडायची पाळी माझी होती. जिना झाडला, पुसला, कठडेसुद्धा. आता दोन आठवडे समोरच्या रीगलबाईंचे. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला पाटी – स्टुटगार्टात घरोघरी हीच रीत. मग पाटीचा मुक्काम माझ्याचकडे का? नेऊन लावली त्यांच्या दाराला.

१५ ऑक्टोबर
परत माझ्याकडे! बेल वाजवून विचारलं. बाई म्हणाल्या, "जिना तुमच्यासारख्यांमुळेच घाण होतो ना." तुमच्यासारख्या म्हणजे? गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणाऱ्या? तिथल्या तिथे पाटी त्यांच्या दाराला अडकवली.

१७ ऑक्टोबर
हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीचा फोन. मी जिना झाडत नाही अशी बाईंनी तक्रार केलीय. ऐकलं नाही तर लेखी ताकीद, मग घर खाली करा! मी म्हटलं, कातडी बघून वागवायचं नाही असा कायदा आहे तुमच्याकडे. तर फोनवरचा माणूस गोड आवाजात, "गेनाऊ! अगदी बरोबर! नियम सगळ्यांना सारखेच. म्हणून तर म्हणतोय, झाडा." वा रे कायदा!
आई शेजारीच बसलेली. तीन महिन्यांसाठी आलीय बिचारी, आणि हे ऐकायचं नशिबी. जर्मन येत नाही, पण माझं तोंड वाचते. सगळं सांगावं लागलं.

१९ ऑक्टोबर
ऑफिसातला शिरीष, पुण्याचा. म्हणतो, "अगं, पाच मिनिटांचं काम! कशाला वाढवतेस?"
याला काय सांगू? आमची आज्जी अख्ख्या गावाचं झाडायची. छप्पन साली दीक्षा घेतली आणि झाडू टाकला तो टाकलाच. गावानं पाणी तोडलं, झोपडी पाडली. तरी नाही! माझ्या आठवड्याला मी झाडीन. दुसऱ्याच्या आठवड्याला मेले तरी नाही.

२२ ऑक्टोबर
दाराला पाटी नाही! जिना चकाचक! आल्या रीगलबाई वठणीवर! आईला म्हटलं, बघितलंस? ती नुसतं "हं" म्हणाली. कंबर दुखतेय म्हणे. थंडीनं असेल.

२४ ऑक्टोबर
जिन्यात रीगलबाई भेटल्या, अगदी हसून. "अहो, तुमच्या आई किती छान झाडतात!"
धावत वर आले. आईनं मान खाली घातली. मी ऑफिसला गेले की झाडायची. पाटी गादीखाली लपवलेली.
"तुझं घर जाईल गं, लेकरा. तुझ्या आज्जीकडं गमवायला होतंच काय?"
"झोपडी होती! पाणी होतं! तेच गेलं ना!"
फार ओरडले तिच्यावर. मग दोघी रडलो. जेवण तसंच राहिलं.

२६ ऑक्टोबर, रविवार
उठले तर अंथरुणात आई नाही. दार सताड उघडं. समोर रीगलबाईंच्या दाराला पाटी, आणि त्यांच्या बेलवर आईचं बोट – रविवारी सकाळी! बाई गाऊनवरच बाहेर आल्या.
"कीर्ते, सांग हिला जर्मनमधी. हा आठवडा तुझा हाय म्हणावं. घर गेलं तर आम्ही दुसरं बघू."
शब्द न् शब्द सांगितला.