जितके खोल, तितके लांब

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा माती उकरणे आणि हलवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आजवर ज्यांनी तो आणून पाहिला त्यांना विचारावे. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून सांगितले की गुडघे सोडले तर सगळे जागेवर आहे. त्यांचा दाखला सोबत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कलमांचे आकडे वकिलांचे, भाषा माझी.

१. राहते घर, तीन खोल्या आणि मागचे अंगण, मुलाला व सुनेला निम्मे निम्मे. या घराचा पाया मी स्वतः खणला आहे, कडक मुरूम लागेपर्यंत. पुढेमागे भिंतीला चीर गेली तर पायाला बोल लावू नये, गवंड्याला लावावा. न्हाणीघराची कडी मुलाने एकदाची बसवावी. बारा वर्षे ‘उद्या बसवतो’ म्हणतो आहे.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते तिने ठरवावे, तिच्या बापाने नव्हे.

३. माझे पोकलेन, रंग पिवळा (जिथे उरला आहे तिथे), दोन्ही बकेटी व हत्यारांची पेटी यांसह सुनेला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो नकाशे काढतो आणि चांगले काढतो, पण लहानपणी त्याला मशीनवर बसवले की तो आधी डोळे मिटायचा. सून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, “आई, मला एकदा लिव्हर धरू द्या ना.” मी म्हटलं, “धर. पण आधी नखं काप.” तिसऱ्या वर्षी तिने बकेटच्या दाताने दोरीवरचा टॉवेल उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला. चिमटा दोरीवर तसाच. त्या दिवशी मी मनातल्या मनात मशीन तिला देऊन टाकले, हे फक्त कागदावर आणते आहे.

अटी तीन. सकाळचा चहा पिण्याआधी मशीनला ग्रीस द्यावे. वरची एक वीत कसदार माती आधी वेगळी काढून ठेवावी आणि काम संपल्यावर पुन्हा वरच घालावी; खालची वर आली तर वर्षानुवर्षे तिथे गवतसुद्धा नीट उगवत नाही. आणि तिसरी अट माझ्या बाबांची: चर जितका खोल, तितकी माती कडेपासून लांब टाकायची. बाबा फावडे-घमेल्याच्या काळातले. चाळीस माणसांची रांग लावून टेकाडच्या टेकाड हलवायचे. पहिले जुने मशीन घेतले तेव्हा मला त्यावर बसवून म्हणाले, “पोरी, हे चाळीस माणसांचं काम करतं. चूकही चाळीस माणसांची करतं.”

४. अंगणातला काळ्या मातीचा ढीग नातीला, तिच्या कुंड्यांसाठी. निरनिराळ्या कामांवरून, मालकांना विचारून, एकेक घमेले आणलेला आहे. लोक प्रवासातून शोभेच्या वस्तू आणतात, मी माती आणली.

५. माझ्याच धंद्यातले, ‘तुफान’ म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ यांना माझ्या मशीनचा भोंगा. त्यांचे मशीन माझ्यापेक्षा जोरात चालते असे ते गावभर सांगत असतात. आवाज जोरात करते, एवढे मला मान्य आहे. आता भोंगाही असू द्या.

६. धाकट्या भावाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही असे वकील म्हणतात, आणि त्याने साक्षीदार व्हावे अशी माझी इच्छा आहे. सही करण्याआधी त्याने हे कलम वाचावे, यासाठीच हा सगळा खटाटोप. तोंडाने सांगायला मला सव्वीस वर्षांत जमले नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही सांडपाण्याच्या नळांसाठी चर खणत होतो. खोली बारा फूट. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून वर उल्लेख केलेले तुफान खणत होते, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोण पुढे जातो यावर आमची पैज लागली होती. प्रत्येक बकेट बारा फूट लांब टाकायची म्हणजे मशीन पार मागे वळवावे लागते, त्यात वेळ जातो. मी कडेलाच टाकत सुटले. भाऊ नळ जोडायला खाली उतरला. मातीच्या भाराने कड ढासळली आणि तो छातीपर्यंत मातीत गेला.

माणूस गाडला गेला की तिथे बकेट लावता येत नाही. मी खाली उडी टाकली आणि बाबांच्या फावड्याने, मग नुसत्या हातांनी, माती काढली. तो म्हणत होता, “ताई, हळू. पाय आहे खाली.” पाय वाचला, पण पुन्हा सरळ झाला नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारले, माती कुठे टाकायची ते कोण सांगत होते? आमच्या कामात चराच्या कडेला उभा असलेला माणूस हाताने खूण करतो आणि मशीनवाल्याने ती मानायची असते. खाली उतरेपर्यंत खूण भाऊच करत होता. मी म्हणाले, “त्याने खूण केली तिथे टाकली.” हे धादांत खोटे होते. तो सारखा ‘लांब, लांब’ असा हात करत होता आणि माझे लक्ष तुफानकडे होते.

त्याचे काम गेले. दवाखान्याच्या खाटेवर त्याला कारण कळले, तेव्हा तो काही बोलला नाही आणि नंतरही कधी नाही. पुढे घड्याळे दुरुस्त करू लागला, त्यात नाव काढले. दर आठवड्याला येतो, चहा पितो, माझ्या चहाला नावे ठेवतो. पण मशीन उभे असते त्या अंगणात त्याने अजून पाऊल टाकलेले नाही. माझा सगळा जन्म मजेत गेला, हातात आवडीचे काम, घरात हसती माणसे. त्या सगळ्यात हा एक खडा रुतून बसला आहे.

चूक माझी होती. खोटेही माझेच होते. मी त्याची माफी मागते. सही करायची की नाही ते त्याने ठरवावे. न केल्यास शेजारच्या शिंपीणबाईंना सांगून ठेवले आहे.

७. बाबांचे फावडे, दांडा नवा, पाते जुने, केबिनमध्ये सीटच्या मागे असते. हे ज्याला द्यायचे त्याला वरील कारणाने देता येत नाही. म्हणून ते आहे तिथेच राहावे.

८. माझ्यामागे मशीन एक दिवसही बंद ठेवू नये. मला निरोप द्यायला चर उघडा टाकून कोणी येऊ नये. आधी बुजवावा, मग यावे. मी थांबेन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलाने करावी. कागदाच्या कामात तो माझा बाप आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: १८ फेब्रुवारी, सकाळी.

सही: ताई, पोकलेनवाली

साक्षीदार पहिला: मशीनचा फिटर. सही. (मजकूर वाचला नाही. बाईंनी माझ्यासमोर सही केली ती पाहिली. शुद्धीत आहेत, आल्या आल्या मला रागावल्या.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, घड्याळवाला. सही. (सगळे वाचले. सहावे कलम दोनदा वाचले. त्यात एक राहिले आहे ते लिहितो. माती कडेला पडतेय हे मला उतरण्याआधी दिसत होतं. तरी उतरलो. मशीनवर ताई होती, म्हणून उतरलो. राग खोटं बोललीस त्याचा होता, मातीचा नव्हता. आज कागदावर खरं लिहिलंस, मला पोचलं. आता ते फावडं मला पाहिजे आणि आत्ता पाहिजे. तू मरायची वाट बघत कोण बसणार?)

दुरुस्ती, त्याच दिवशी, दोन्ही साक्षीदारांसमोर: कलम ७ खोडले आहे. फावडे मी माझ्या हयातीत भावाला दिले. मी आणून देते म्हटले तर ऐकले नाही. अंगणात जाऊन, केबिनमध्ये चढून, स्वतः काढून घेऊन गेला.

सही: ताई
सही: फिटर
सही: भाऊ