टाकी दिसते

४ जानेवारी

सकाळी आठला फोनवर कळवलं — टाकी दिसते. धावपट्टीपलीकडची पाण्याची टाकी माझ्या खिडकीपासून बरोबर दीड किलोमीटर. ती दिसली तर विमानानं उतरायचं, नाही दिसली तर परत फिरायचं. एवढंच माझं काम. आठ वीसला एक छोटं खासगी विमान उतरायला आलं आणि कुंपणाच्या भिंतीवर आपटलं. वैमानिक आणि मालक, दोघंही गेले. धुकं होतं, कबूल. पण टाकी दिसत होती!

५ जानेवारी

साहेबांना भलतीच चिंता. आगमनाच्या नोंदवहीत लिहायचं काय? विमान पडलं भिंतीबाहेर, म्हणजे आलंच नाही. पण उजवा पंख आत पडलाय, म्हणजे थोडं आलं. दुपारभर यावरच काथ्याकूट. शेवटी ‘अंशतः आगमन’ असं लिहिलं. मी सही केली. स्वतःची लाज वाटली.

८ जानेवारी

चौकशी समिती आली. नेमकं लख्ख ऊन! तिघंही आळीपाळीनं माझ्या खुर्चीत बसले, टाकी पाहिली, ‘दिसते’ असं लिहून घेतलं. एकाच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून तो खुर्ची सरकवायला गेला. सरकेना. माझ्याआधीच्या निरीक्षकबुवांनी निवृत्त होताना तिचे पाय जमिनीला ठोकून ठेवलेत. “इथून बघशील तर टाकी कधी चुकायची नाही,” म्हणाले होते. समितीनं त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं.

निष्कर्ष — वैमानिकाचा अंदाज चुकला. माझ्यावर ठपका नाही. त्रुटी एकच काढली : खिडकीची काच अस्वच्छ.

९ जानेवारी

पाच दिवसांनी पोटभर जेवलो. बायको म्हणाली, सुटलास बाबा एकदाचा.

११ जानेवारी

वैमानिकाची बायको त्याच्या वस्तू न्यायला आली. टोपी, घड्याळ, एकच बूट. साहेबांनी पोच तीन प्रतींत लिहून घेतली, वर ‘बूट एक जोडी’ खोडून ‘अर्धी जोडी’ करायला लावलं. तिनं केलं.

जाताना माझ्या टेबलाशी थांबली. सगळे म्हणतात त्याचंच चुकलं, सासरेसुद्धा.

“तुम्ही स्वतः पाहिली होती ना टाकी?”

“अगदी ठळक,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. काही वेगळं कळलं तर सांगा, म्हणून माझ्या वहीत फोन नंबर लिहून गेली.

१३ जानेवारी

समितीचा शेरा पाळायचा म्हणून साहेबांनी सफाईच्या मावशींना पाठवलं. काच अर्धा तास घासत होत्या. बादली उचलताना कुरकुरल्या, “बाकीची घाण निघाली पटकन. ती काचेवर काळ्या रंगात काढलेली टाकी, तिनं मात्र जीव खाल्ला. नव्या माणसाला कुठं बघायचं ते कळावं म्हणून बुवांनी काढून ठेवली असणार.”

कसली टाकी? लगेच खुर्चीत बसून पाहिलं. बाहेर ऊन. टाकी जागच्या जागी. काहीच बदललेलं नाही. मावशींचं काहीतरीच.

जेवण गेलं नाही.

१६ जानेवारी

धुकं. चार तारखेपेक्षा विरळच. खुर्चीत बसलो. खिडकीत नुसतं पांढरं.

आठला कळवलं — टाकी दिसत नाही. मग वही उघडली आणि तिचा नंबर लावला.