क्लॅरी क्विगलीची रक्षा: वाळूत की दगडांत

मी, नेरिडा क्विगली, वय सेहेचाळीस, भूगोलाची पदवीधर, राहणार विल्गा क्रॉसिंग, धंदा वाळूत रुतलेल्या गाड्या ओढून काढण्याचा, माझ्या मागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द. (यापूर्वी एकही नव्हते; वाक्य वकिलाचे आहे.) मी शुद्धीत आहे. माझ्यावर दबाव नाही. पुढच्या आठवड्यात ॲडलेडला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्याची भीती हा दबाव धरावा का, याचा विचार केला. धरू नये.

१. ओढगाडी आणि फावडी गावाला द्यावीत. रुतणारे येतच राहतील.

२. टायरमधली हवा मोजायचे मीटर धाकटा भाऊ मर्व्हिन याला. इथून सिम्प्सन वाळवंटात शिरायचे म्हणजे वाळूच्या प्रत्येक रांगेची उभी, पूर्वेची बाजू चढायची. हवा कमी केल्याशिवाय कोणी जात नाही. मर्व्ह गेला. बाबांची रक्षा टेकडीच्या माथ्यावर उधळायला निघाला आणि पहिल्याच चढावर रुतला. मीच त्याला ओढून काढले. रक्षेचा डबा तसाच मांडीवर घेऊन तो घरी परतला.

३. माझ्या रोजनिश्या जाळाव्यात. आधी वाचल्या तरी मला कळणार नाही.

४. घर मर्व्हला, एका अटीवर: बाबांची रक्षा त्याने स्टर्टच्या दगडी वाळवंटात ठेवावी.

कारण लिहिणे योग्य होईल. आमचे वडील क्लॅरी यांनी ग्रेडर चालवून जन्मभर रस्ते सपाट केले. गिब्सनच्या लाल खडीत, ग्रेट सँडीत, टनामीत, ग्रेट व्हिक्टोरियाच्या झुडपांत; सगळी वाळवंटेच. एकही रस्ता टिकला नाही. दगडी वाळवंटातून वाऱ्याने नेण्यासारखे सगळे कधीच नेले आहे. उरले ते जागचे हलत नाही. बाबांना एकदा तरी टिकणारी जागा मिळावी असे मला वाटते. हे बाबांना वाटत होते की मलाच, हे खात्रीने सांगता येत नाही. रक्षा ही मालमत्ता आहे का, हेही वकिलाला विचारायचे राहिले आहे.

इथवर लिहिले तेव्हा मर्व्ह सूप घेऊन आला. त्याला कलम चार वाचून दाखवले.

"म्हणजे घराचं आमिष दाखवतेस?"

"अट आहे ती."

"म्हातारा जन्मात एका जागी दोन महिने बसला नाही, नेरी. त्याला दगडात डांबणार? वाळूत राहू दे की. फिरेल बिचारा."

"आणि चाकांखाली येईल."

"ग्रेडरवाल्याला चाकांची कसली भीती गं!"

मला हसू आले. ते युक्तिवाद म्हणून धरलेले नाही.

"साक्षीदार कोण?" त्याने विचारले.

"दवाखान्यातली ग्लेनिस. आणि दुसरं कोणीतरी. तू नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असा कायदा आहे."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग अटही नाही. मी करतो सही."

"वेड्यासारखं करू नकोस. थांब, अट खोडते. घर घे."

"आणि उद्या गाव म्हणेल, मर्व्हने बापाची राख विकून घर घेतलं. पेन दे, नेरी. सूप गार होतंय तुझं."

५. म्हणून वकिलाला फोन केला. रक्षा मालमत्तेत मोडत नाही, असे तो म्हणाला. मोडत नाही, तर ती देणे माझ्या हाती नव्हतेच, आणि साक्षीदाराकडून ती काढूनही घेता येत नाही. ज्याने तिच्यासाठी घर सोडले त्याने ती हवी तिथे न्यावी. कलम चारमधली अट खोडली असून शेजारी माझी आद्याक्षरे आहेत. मर्व्हला घर मिळणार नसल्याने ते गावच्या दवाखान्याला द्यावे, आणि मीटर ओढगाडीबरोबर गावाला.

लिहून देणार: नेरिडा क्विगली

आम्हा दोघांच्या समोर तिने सही केली, तिच्या समोर आम्ही:

१. ग्लेनिस टुली, परिचारिका

२. मर्व्हिन क्विगली, भाऊ. परिणाम दोनदा समजावून सांगितले. दुसऱ्यांदा सांगत असताना त्याने सही केली.

विल्गा क्रॉसिंग, क्वीन्सलँड
९ जून २०१७