शंभूला ऐकू येणारी माणसं

४ ऑगस्ट, पाटण
देवऋषी येऊन गेला. धाकट्या भावाला, शंभूराजला, मिरच्यांचा धूर दिला. खोकून बेजार झालं पोर. 'बाहेरचं हाय,' म्हणे. बाहेरचं! दोन माणसं सतत कानात बोलतात, पाळत ठेवतात, असं शंभू महिनाभर सांगतोय. जेवत नाही, झोपत नाही. आणि आमचे वडील, निवृत्त सुभेदार, देवऋष्यासमोर लिंबू धरून उभे!

५ ऑगस्ट
नाथाजीकाका सल्ला द्यायला हजर. लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल. म्हणजे कुणाची तरी मुलगी औषध म्हणून आणायची. मी विचारलं, तुमची द्याल? चहा अर्धा टाकून गेले.

९ ऑगस्ट, सांगली
शंभूला माझ्याकडे विश्रामबागला आणलं. आई-वडील सोबत. मनोविकारांच्या डॉक्टर मॅडमनी तासभर त्याचं ऐकून घेतलं. सायकोसिस म्हणतात याला. मेंदूचा आजार. कारण एकच नसतं — वारसा, ताण, जागरणं, गांजा. भरतीच्या अभ्यासिकेत दोस्तांनी गांजा ओढायला शिकवलं, हे आजच कळलं. थोर दोस्त! लवकर उपचार झाले तर बरेच जण सावरतात. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आईनं विचारलं, 'माझं काय चुकलं, मॅडम?'

'काहीही नाही.'

आई रडली. वडील खिडकीबाहेर बघत राहिले.

२० ऑगस्ट
लाळ गळते. दिवसभर झोपतो. आईसोबत गावी परतलेल्या वडिलांचा फोन — गोळ्यांनीच पोरगं खुळं केलं, बंद कर. धूर दिला तेव्हा नाही सुचलं हे! मी त्याला मॅडमकडे नेलं. त्यांनी डोस कमी केला.

११ सप्टेंबर
दोन भाकऱ्या खाल्ल्या. शांत झोपला.
शेजारच्या सुलाबाई मात्र तो जिन्यात दिसला की नातीला आत ओढतात. वर मलाच विचारतात, 'मारतो का हो?' अडाणी. गाव काय न् शहर काय, सगळे सारखेच. मी नसते तर या पोराचं काय झालं असतं!

३० सप्टेंबर
शंभू आज आपणहून म्हणाला, 'आक्का, आवाज गेलं.'

मॅडमना कळवायला मी फोन उचलला. तो तिथंच उभा.

'लय एकटं वाटतंय. माझ्याशी त्येच तेवढं बोलत हुतं.'

फोन खाली ठेवला. सात आठवड्यांत मी त्याला एकच विचारलंय — गोळी घेतलीस का?