कुरकुरीचा हक्क

प्रिय जेरोलामो,

माझं अक्षर पाहून आधी तुला वाटलं असेल, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. अजून तरी नाही. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर माझा आवाज ऐकलास की ‘झालं सुरू!’ म्हणून तू हसतोस, मग मलाही हसू येतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले आहे. नीट वाच, आणि चष्मा लावून वाच.

समोरचं घर विकलं गेलं. मिलानच्या कुठल्याशा कंपनीने घेतलं, तिथे आता हॉटेल होतंय. आपल्या घरापासून त्या घरापर्यंत गल्लीवरून गेलेल्या दोन दगडी कमानी तुला आठवतच असतील. खालची माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेकायची. आपल्या जिन्यात माझी आई विणकाम घेऊन पहारा द्यायची, म्हणून तू एकदा समोरच्यांच्या जिन्यातून त्या कमानीवर उतरून माझ्या खिडकीशी आला होतास. खाली मासळीवालीने बोंब मारली आणि अख्खी गल्ली वर बघायला लागली. तुझा चेहरा तुळशीच्या चटणीसारखा हिरवा झाला होता. त्या आठवणीने मला अजून एकटीला हसू येतं. आपल्या घरातल्या आणि समोरच्या घरातल्या माणसांचं तर कधी पटलंच नाही; वाळत घातलेल्या चादरींवरून तीन पिढ्या अबोला चालला. घरं मात्र त्या कमानींच्या आधाराने एकमेकांना धरून उभी होती.

कंपनीचा वास्तुतज्ज्ञ आला होता. गोरागोमटा, बोलायला गोड. म्हणाला, “अहो, ही खालची कमान नुसती शोभेची आहे. मागाहून कोणीतरी बसवलेली. तिच्यामुळे आमच्या खोल्यांत उजेड येत नाही.” आमच्या गल्लीत उजेड! बंदराकडे उतरणाऱ्या आपल्या गल्ल्यांत ज्याला उजेड हवा, त्याने जिनोआत यावंच कशाला? आम्ही सगळ्यांनी तोंड सोडलं. पण आपल्या घराचा व्यवस्थापक प्रॉस्पेरो (बेकरीवाल्या कोलोंबाचा मुलगा, आता टाय लावतो) एक निरोप घेऊन आला. कमान काढू दिली तर आपल्या घराचा दर्शनी भाग कंपनी रंगवून देणार. तुला आपली माणसं ठाऊक आहेत. फुकट म्हटल्यावर कुरकुर करत करत सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही, पण माझ्या एकटीच्या नकाराने काय होतंय? शरद ऋतू संपता संपता कमान कापली. दगड खाली उतरवले, तेव्हा ते केवढे जड आहेत ते कळलं. शोभेचे दगड एवढे जड नसतात रे.

त्यानंतर माझ्या स्वयंपाकघराचं दार आपोआप मिटायला लागलं. जिन्यात एक चीर दिसली. हिवाळ्यात तीत नख जायचं, पुढे बोट जायला लागलं. तरी मी मनाला समजावत होते की जुनं घर आहे, लाकूड फुगतं, आकसतं. मग एक दिवस भाजी घेऊन येताना सहज वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरची खोटी खिडकी तुझ्या लक्षात असेल. आत जिना आहे म्हणून खरी खिडकी करता आली नाही आणि खिडक्यांची रांग तर चुकवायची नाही, म्हणून आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नुसती रंगवलेली. हिरवी दारं, अर्धी उघडी, खाली चौकटीची सावलीसुद्धा. रंगारी ताणलेल्या दोरीने रेघ मारतात, ती रेघ आयुष्यभर सरळ राहते. जेरोलामो, ती रेघ वाकली होती. खरी खिडकी वाकडी झाली तर लाकडाला दोष देता येतो. रंगवलेली खिडकी वाकडी झाली म्हणजे भिंतच हलली. मी हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली. भर बाजाराच्या वेळी, गजबजलेल्या गल्लीत, मला भीती वाटली.

घरमालकांच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. जमेल तेवढं शांतपणे सांगितलं. त्यावर पहिल्या मजल्यावरचा बार्तोलोमेओ म्हणाला, “माझ्याकडे तर लिफ्टचा आवाज येतो, त्याचं कोण बघणार?” मग सीगल पक्ष्यांची घाण निघाली, मग हॉटेलवाल्यांची धूळ, मग कोणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं. माझी भिंत त्या गलबल्यात कुठे बुडाली ते मलाच कळलं नाही. प्रॉस्पेरो तर लाडाने म्हणाला, “अहो मावशी, गेल्या वर्षी तुम्ही जिन्यातल्या दिव्याबद्दल बोललात, त्याआधी गटाराबद्दल. बोला की, तुमचा हक्कच आहे तो!” सगळे हसले.

हक्क तर खराच. आपले खलाशी म्हणे जहाजावर चढताना पगार कमी घ्यायचे, पण कुरकुर करायची मुभा मागून घ्यायचे. लहानपणापासून आपण ही गोष्ट छाती फुगवून सांगत आलो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही चिडके. आपल्याला ठाऊक असतं की हे आपलं गाणं आहे. पण आयुष्यभर एकाच सुरात गायलेल्या माणसाने खरोखर ‘वाचवा’ म्हणायचं झालं तर कोणत्या सुरात म्हणायचं? मला दुसरा सूर येतच नाही. मी ओरडून पाहिलं, तर त्यांना ते ओळखीचं वाटलं. गप्प बसून पाहिलं, तर बार्तोलोमेओने विचारलं, “तब्येत बरी नाही का?”

शेवटी मीच अग्निशमन दलाला बोलावलं. ती माणसं चांगली होती. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी चिरेवर हात फिरवला, आत बोट घालून पाहिलं. ताबडतोब इंजिनिअर बोलावून भिंत तपासून घ्या, असं त्यांनी प्रॉस्पेरोला बजावलं. त्याने मान डोलावली आणि ते गेल्यावर इंजिनिअरला बोलावणं ईस्टरनंतरवर ढकललं, कारण रंगाऱ्यांची परांची आधीच बांधून झाली होती आणि कंपनीला घाई होती. गेल्या आठवड्यात रंग पूर्ण झाला. घर असं देखणं दिसतंय म्हणून सांगू! गुलाबी भिंत, पांढऱ्या कोरीव पट्ट्या, सगळं रंगवलेलं. जिन्यातली चीर बुजवली. खोट्या खिडकीची रेघ नवीन दोरी ताणून पुन्हा सरळ मारली. आता गल्लीत उभं राहून कोणालाही काही दिसणार नाही. लोक थांबून फोटो काढतात. मला बघवत नाही.

मी आता तिथे राहत नाही. हे पत्र नेर्वीहून, बहिणीच्या घरातून लिहिते आहे. ज्या पलंगावर मी जन्मले तो तिथेच ठेवून आले. तुझ्यामागे लियाँला ये म्हणालास तेव्हाही मी ते घर सोडलं नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या नकाराचं मला वाईट वाटतं का, ते आज विचारू नकोस. मी घर सोडलं, एवढंच लक्षात घे.

निघताना बॅग घेऊन जिना उतरत होते, तर तुझी बेत्तीना वर येत होती. पोटाशी बाळ बांधलेलं, हातात तुमच्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या किल्ल्या. डोळे अगदी तुझे आहेत तिचे. महिनाअखेरीला राहायला येणार म्हणाली. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. कमान, चीर, भिंत, सगळं. तिने प्रेमाने ऐकून घेतलं, माझ्या गालाचा पापा घेतला आणि हसत म्हणाली, “मावशी, बाबांनी मला आधीच सांगून ठेवलंय. म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरची ओताविया कुरकुर करेल, तिचं तू काही मनावर घेऊ नकोस.” जेरोलामो, तिला असं सांगणारा तू आहेस. ते परत घेणं दुसऱ्या कोणाच्या हातात नाही. हा कागद खाली ठेव आणि पोरीला फोन कर.

तुझीच, आज तरी खरं मान,
ओताविया