सैतानावर थुंकायला माणूस पाहिजे

पलिओखोरी, ४ मे

चि. कल्लिरोई हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

बाळाचा फोटो आळीभर दाखवून झाला. नाक आपल्या घराण्याचं आहे, बाकीचं सासरचं असलं तरी चालेल. पण पत्राचा शेवट वाचला आणि चुलीवरची कॉफी उतू गेली. बाळाचा धर्मबाप पेरिक्लिस? आपला गुरांचा डॉक्टर? अगं, स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतर त्याने चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. देव नाही म्हणून चारचौघांत सांगतो!

धर्मबाप म्हणजे पोराने ज्याच्याकडे बघून वागावं तो माणूस. त्यानेच नाव पुकारायचं, त्यानेच 'माझा विश्वास आहे' म्हणायचं, त्यानेच पश्चिमेला तोंड करून सैतानावर थुंकायचं. ज्याला सैतानच मान्य नाही तो थुंकणार कोणावर? त्यापेक्षा चर्चचे विश्वस्त थ्रासोसकाका बघ. ईस्टरच्या उपासात मांसाला शिवत नाहीत, नुसत्या उपासाला चालणाऱ्या कोळंबीवर आणि ऑक्टोपसवर देह झिजवतात. यंदा कमरेचा पट्टा मोठा घ्यावा लागला, ती देवाची कृपा.

पेरिक्लिस उभा राहणार असेल तर मी बाप्तिस्म्याला येणार नाही. लोभ आहेच, सुधारलीस तर वाढेल.

तुझी एव्हान्थिया मावशी

पात्रा, ११ मे

ती. मावशीस कल्लिरोईचा सा. न. वि. वि.

तू आली नाहीस तर माझ्या माहेरचं कोणीच नसेल. आई गेल्यावर मला तूच आहेस. हे वाचून तुला रडू आलं तर येऊ दे, मलाही लिहिताना आलं.

पण आईच्या आजारपणाची पत्रं तूच लिहीत होतीस ना? थ्रासोसकाकांनी पवित्र तेलाची बाटली पाठवली आणि रिकामी परत मागवली. तुमच्या चर्चच्या मंडळाच्या बायकांनी प्रार्थना केली, ती खालूनच, कारण जिन्याने गुडघे दुखतात. आणि हिवाळाभर आईला उचलून खाली आणून, शेळ्यांच्या वासाच्या त्या गाडीतून इस्पितळात नेलं कोणी?

वाटेत पडलेल्या जखमी माणसाला याजक ओलांडून गेला आणि परक्या धर्माच्या शोमरोन्याने उचललं. येशूने त्याच्यासारखं वागा म्हणून सांगितलं. ही गोष्ट मला रविवारच्या शाळेत शिकवणारी बाई कोण होती, आठवतं का?

उत्तर रागाचं असलं तरी धाड. लोभ कमी करू नकोस, तेवढाच उरला आहे.

तुझी कल्लिरोई

पलिओखोरी, १९ मे

चि. कल्लिरोई हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

मेले, माझीच शिकवण माझ्यावर उलटवलीस! तीन दिवस तुला शिव्या दिल्या आणि चौथ्या दिवशी पेरिक्लिसकडे गेले. म्हटलं, बाबा, थुंकायचा सराव कर. त्याने हातातलं कोकरू खाली ठेवलं. म्हणाला, पोरासाठी काहीही करीन, पण मनात नसताना 'माझा विश्वास आहे' असं म्हणणार नाही. कोणाच्या घरी जाऊन खोटं बोललो नाही, तुमच्या देवाच्या घरी कसं बोलू? बोलताना डोळे भरले होते गं त्याचे.

तशीच थ्रासोसकाकांकडे गेले. ते म्हणाले, म्हणायचंच आहे ना? दहादा म्हणतो, त्यात विश्वास कसला ठेवायचाय! फुटबॉलच्या आधी आटपेल ना, तेवढं विचारलं.

मी घरी आले आणि तुझ्या आईच्या फोटोपुढे बसून भरपूर रडले.

तर आता धर्ममाता मीच. थुंकेनही मीच, आणि थ्रासोसकाका समोर बसणार असल्यामुळे नेम चुकायची भीती नाही. नाव पुकारीन पेरिक्लिस. प्रथेप्रमाणे सासऱ्यांचं नाव ठेवायचं ते दुसऱ्या मुलाला ठेव. या नावाचा संतच नाही, मग संताच्या दिवशी नामदिन करायचा कसा म्हणून पाद्री अँथिमोस कुरकुरले. मी म्हटलं, सर्व संतांच्या रविवारी करू नामदिन, त्या गर्दीत एकाची सोय होईल.

गुरांच्या डॉक्टरला चर्चच्या दारापर्यंत यायला बजावलं आहे. पोर मोठं झालं की 'याच्याकडे बघून वाग' म्हणून बोट कुठे दाखवायचं ते मी बघून घेईन.

लोभ वाढला आहे, कारण विचारू नकोस.

तुझी मावशी