हुंकाराची जागा

उमापूर,
दि. २२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वैष्णवीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बोलतेस तेव्हा मागे तुझे सगळे सासर बोलत असते आणि मजेत आहे यापलीकडे काही कळत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. माय बरी आहे. तिचा गुडघा दुखतो, पण ते ती कापूस वेचायला जाताना सांगत नाही, आल्यावर सांगते. चावडीचा फळा तू गेल्यापासून कोराच आहे. परवा कुणीतरी त्यावर म्हैस विकायची आहे असे लिहिले. मी ते पुसले नाही, फक्त शुद्ध करून ठेवले.

तुझ्या पालीच्या फळ्याचा फोटो शेजारच्या लखनच्या मोबाइलवर आला होता. दाजींचे अक्षर मोठे आहे. 'विहीर' त्यांनी 'विहिर' अशी लिहिली आहे. तुला पहाटे सपनात दिसलेले पुढचे ऐकून नऊ वर्षे मी उमापूरच्या फळ्यावर लिहिले, त्यात एक वेलांटी चुकलेली कुणी दाखवावी. पण ते असो. पालीच्या फळ्यावर नुसते 'विहिरीपाशी सांभाळा' एवढेच होते. कोणती विहीर, कोणती बाजू, काहीच नाही. इतके अर्धे सपन तू मला कधी सांगितले नव्हतेस. दाजी ऐकताना हुंकार नीट देत नाहीत का?

हळदीच्या दिवशी तुझ्या सासूबाई सुभद्राबाईंनी विचारले की पोरीच्या सपनाला हुंकार आता आमच्या शिवशंकरने द्यायचा ना, तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या. मला कुणी विचारले नाही. मी आठवीतून शाळा सोडली ती तुझ्या पहाटेपायी. हे तू कुणाला सांगू नकोस. दाजींना सांगितलेस तरी चालेल.

इकडच्या माणसांवर माया पूर्वीसारखीच ठेवावी.

तुझा,
रामप्रसाद दादा


पाली,
दि. ३ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
वैष्णवीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कावून पत्र, फोन न्हाई का त्यायच्याकडं. मी सांगितलं की आमच्या दादाला वेलांट्या मोजल्याशिवाय झोप येत नाही. 'विहिर' चुकली हे यांना वाचून दाखवलं तर हे हसले, आणि मग गुपचूप चावडीवर जाऊन नीट करून आले. झालं समाधान?

हुंकाराचं म्हणशील तर यांचा जीव लई साधा आहे. ऐकता ऐकता हे मधेच बापरे म्हणतात. एकदा तर 'मग?' म्हणाले. तुला ठाऊक आहे, 'मग?' म्हटलं की माझं तिथंच थांबतं. विहिरीचं तिन्ही वेळा तसंच गेलं. जेवढं सांगून होतं तेवढं ऐकणाऱ्याकडं जातं, माझ्या ध्यानात त्यातलं काही राहत नाही. आणि जे सांगायचं राहतं ते ऊन उंबऱ्यावर आलं की विरून जातं. पालीत दोन पिढ्या सपनवाली नव्हती, म्हणून मला एवढ्या हौसेनं करून आणली. आता इथले सरपंच विजयसिंह चारचौघांत यांना म्हणाले की उमापूरकरांनी सून दिली, पण सपनं घरीच ठेवून घेतली.

परवाच्या पहाटे एक वाईट सपन निघालं. हे सांगतात की ऊसतोडीला निघालेली ट्रॉली चढावर मागं मागं येते, वर बाया आणि लेकरं बसलेली. पुढं यांचा हुंकार तुटला. तेव्हापासून हे नीट जेवत नाहीत. दिवाळी झाली की आमच्या गावची टोळी निघते आणि ट्रॅक्टरवर हेच असतात. टोळी कारखान्यावर सोडून परत येतात. अर्धं राहिलेलं सपन तीनदाच येतं, म्हणजे अजून दोनदा येईल. मी यांना सांगितलं आहे की दादाला विचारा, दादासारखा हुंकारी जिल्ह्यात नाही.

मायला नमस्कार. राग आला असेल तर तोही पत्रात घालून पाठव, पण पाठव.

तुझी,
वैष्णवी


पाली,
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. रामप्रसाद दादा यांस,
शिवशंकरचा सा. न. वि. वि.

मला पत्राची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या. ट्रॅक्टरचा आवाज जरा बदलला तरी मला कळतं की कुठं काय ढिलं हाय. पण वैष्णवी डोळे मिटून सांगायला लागली की हं कुठं म्हणायचं ते कळत न्हाई. लवकर म्हटलं तरी तुटतं, उशिरा म्हटलं तरी तुटतं. तुमी कसं करत होता ते लिहून कळवा.

खरं सांगतो. आमच्या घरात सकाळच्या चहाला रोज तुमी असता. दादा असा बसायचा, दादा खोकायचा सुदिक न्हाई. मला राग येत न्हाई असं न्हाई. पण टोळीत लेकरं असतात. म्हणून राग बाजूला ठेवून विचारतो.

लहान समजून लोभ करावा.

तुमचा,
शिवशंकर


उमापूर,
दि. ९ ऑक्टोबर २०२४

रा. रा. शिवशंकरराव दाजी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आनंद झाला. हुंकारात शिकवण्यासारखे फारसे काही नाही. वैष्णवीच्या अगदी समोर बसावे. नजर तिच्या तोंडावरून हलवू नये, म्हणजे तिला धीर येतो. प्रत्येक वाक्य संपले की मोठ्याने, स्पष्ट हं म्हणावे. आपण मन लावून ऐकतो आहोत हे तिला समजले पाहिजे.

बाकी ज्याच्या अंगात असते त्याला ते जमते. नाही जमले तर कमीपणा मानू नये. मला निरोप द्यावा, मी लगेच पालीला येऊन बसेन. किंवा वैष्णवीला भाऊबीजेसाठी आधीच इकडे पाठवून द्यावे, म्हणजे सगळाच प्रश्न मिटेल.

सुभद्राबाईंना नमस्कार. स्नेह वाढता ठेवावा.

आपला,
रामप्रसाद


पाली,
दि. १७ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
नमस्कार. वि. वि.

काल पहाटे हे माझ्यासमोर मांडी घालून, डोळे वटारून बसले आणि ट्रकचा भोंगा वाजावा तसा हं म्हणाले. गोठ्यातली शेळी दावं तोडायला लागली. मी हसले, आणि मग माझं हसू गेलं. सपन त्याच चढावर परत तुटलं.

माझे डोळे मिटलेले असले तरी समोरच्याची नजर मला लागते. हे तुला माहीत आहे. नऊ वर्षांत तू एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीस. मग यांना असं कावून लिहिलंस? यांना तुझ्यावर संशयसुद्धा नाही. म्हणाले, दादानं तर सगळं उकलून सांगितलं, मलाच जमलं न्हाई. मला लाज वाटली, आणि ती यांची नाही.

तू येऊन बसतो म्हणतोस. सपन ज्या छपराखाली पडतं त्या घरच्या माणसानंच हुंकार द्यायचा असतो, आणि अर्धं राहिलेलं सपन त्याच घरात परत येतं. तूच मला हे लहानपणी शिकवलंस, आणि तूच विसरलास? त्यामुळं मी भाऊबीजेला येणार नाही. तिसऱ्यांदा कधी येईल सांगता येत नाही, मला इथंच निजायला पाहिजे. मुकादम बंकटनं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं आहे.

अजून एक. चढावर ट्रॅक्टर चालवणारा मागं वळून बघतो, तिथवर यांना ऐकू आलं. दोन्ही वेळा हुंकार तिथंच तुटला. तो कोण होता म्हणून विचारलं तर म्हणतात, ओळखू आला न्हाई. काल यांनी विम्याचे कागद काढून सासूबाईंजवळ दिले. मी विचारलं तर म्हणाले, असंच.

मला भीती वाटते. माझ्यावर माया असेल तर यांना खरं लिही.

तुझी,
वैष्णवी


उमापूर,
दि. २१ ऑक्टोबर २०२४

रा. रा. दाजी यांस,
स. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिले ते खोटे होते. तुम्हाला जमू नये आणि मला बोलावणे यावे म्हणून लिहिले. आता खरे लिहितो.

समोर बसू नये. बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसावे. हाताला काहीतरी काम द्यावे. मी शेंगा फोडत असे. वाक्य कुठे संपते ते ऐकू नये, तिचा श्वास कुठे थांबतो ते ऐकावे आणि तिथे हं म्हणावे. विहीर उतरणाऱ्याला पाय टेकायला पायरी लागते, तसा तिला हं लागतो. पायरीने हलायचे नसते. आवाज चढू नये, उतरू नये, पुढचे कळण्याची घाई त्यात असू नये.

ट्रॅक्टर चालवणारा कोण ते तुम्ही ओळखले आहे. वैष्णवीचे पत्र वाचून मलाही कळले. म्हणून पुढचे लिहितो, ते तुमच्याजवळच ठेवावे.

आमचे आप्पा वारले, त्याआधीच्या उन्हाळ्यात एका पहाटे तिने ते सांगितले. तिरडी कोणत्या दाराने निघाली, माय कुठे बसली होती, माझ्या अंगात कोणता सदरा होता, सगळे. ती बारा वर्षांची होती. मी शेंगा फोडत राहिलो आणि हं म्हणत राहिलो. एकदा जरी आवाज हलला असता तर आजार कोणता ते समजायचे राहिले असते. ते समजले. आप्पांना मी बळेच बीडला नेले, औषधपाणी केले, पण गुण आला नाही. तिने ते सांगितले त्या सकाळी फळ्यावर मी 'आज सपन नाही' असे लिहिले होते. ते आपल्याच तोंडून निघाले हे तिला आजही माहीत नाही.

तुमच्या सपनात अजून उपाय असेल. दिसले ते घडतेच असे नाही, पण ते शेवटपर्यंत ऐकावे लागते. स्वतःचे असले तरी.

मला तुमचा हेवा वाटतो. या पत्राने तो गेला असे समजू नये. पण ती माहेरी परत यावी आणि माझी जागा मला मिळावी, हे मला या रीतीने नको आहे.

जपून राहावे. पोच द्यावी.

तुमचा,
रामप्रसाद


मुक्काम कारखाना,
दि. ७ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादा यांस,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या पहाटे सपन तिसऱ्यांदा आलं. मी भिंतीकडं तोंड करून लसूण सोलत बसलो. ट्रॅक्टर चालवणारा मागं वळला. मीच होतो. मी हं म्हणालो. मी खाली उडी टाकली, मोठा दगड उचलून ट्रॉलीच्या चाकामागं लावायला गेलो. मी हं म्हणालो. पुढचं चाकाचं लिहीत न्हाई, तुमाला अंदाज हाय. त्यालाबी हं म्हणालो. मग ती सांगायला लागली की दोन ट्रॉल्या जोडायच्या जागी पिनीऐवजी सळई घातली होती, ती कटकन तुटली. तिथं सपन संपलं. एकबी हं हलला न्हाई, दादा.

तसाच उठून ट्रॉल्यांकडं गेलतो. बंकट मुकादमानं मागच्या ट्रॉलीला खरंच सळई वाकवून घातली होती. मला म्हणाला, गेल्या सालीबी हीच होती बे, बायकोचं ऐकून भितो काय. मी सळई उपसून त्याच्या हातात दिली. मधोमध चीर गेली होती. मग त्यानं स्वतः जाऊन नवी पिन आणली. दुसऱ्या दिवशी तो चढ आला तेव्हा मी मागं वळून बघितलं न्हाई. सगळी माणसं सुखरूप पोचली.

फळ्यावर मी 'ट्रॉलीच्या पिनी तपासा' एवढंच लिहिलं. चालवणारा कोण ते वैष्णवीला सांगितलं न्हाई. आप्पांचंबी न्हाई, कधी सांगणार न्हाई.

उद्या परत निघतो. आता चहाला तुमी आलात तर मला चालतं.

तुमचा,
शिवशंकर


उमापूर,
दि. १५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वैष्णवीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आणि दाजींचे पत्र एकाच दिवशी मिळाले. सगळे सुखरूप पोचले हे ऐकून मायने देवापुढे साखर ठेवली. तिचा गुडघा आता जातानाही दुखतो.

दाजींनी लिहिले आहे की एकही हं हलला नाही. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. सगळी माणसे वाचली याचा आनंद मला कुणाहून कमी नाही. तरीही मला वाटले होते की सपन पुरे होईल, सगळे वाचतील, पण एखादा तरी हं हलेल, आणि तू मला लिहिशील की दादाची सर नाही. तसे काही तू लिहिले नाहीस. तू त्यांच्या सोललेल्या लसणाचे कौतुक लिहिलेस.

मी त्यांना काय शिकवले असे तू विचारतेस. ते आम्हा दोघांत राहू दे. आजवर जे मी एकट्याने धरून ठेवले होते त्यातले थोडे त्यांच्याकडे गेले. ते देताना मला फार जड गेले आणि दिल्यावर हलके वाटले. याहून जास्त विचारू नकोस.

परवा मी चावडीचा फळा धुऊन काढला. इकडच्या सरपंचांनी विचारले की आता कशाला, तेव्हा मी फळ्याची चौकटही पुसून घेतली.

भाऊबीज राहिली. संक्रांतीला ये. इथेच जेव, इथेच नीज. पहाटे काही दिसले तर सांग. मोठे काही नको, शेजारच्या बायनाबाईंची कोंबडी कुठे अंडे घालते एवढे दिसले तरी पुरे. दाजींनाही घेऊन ये. त्यांनी खुशाल माझ्याशेजारी बसावे, चहा घ्यावा, हवे तेवढे ऐकावे. फक्त मध्ये हं म्हणू नये. त्या पहाटेचा हुंकार माझा.

वाट पाहतो आहे, हे दोघांनीही लक्षात असू द्यावे.

तुझा,
रामप्रसाद दादा